चार वाफे पुदिना आणि 54 ताटे

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही वसतिगृहाचे फाटक उघडले, तेव्हा मुली यायच्या होत्या. पण पुदिना आधीच दारापर्यंत आला होता. तीन आठवडे कोणी कापला नव्हता. विटांची कड ओलांडून तो टोमॅटोच्या वाफ्यात घुसला होता आणि पाण्याच्या टाकीच्या ओट्याला टेकला होता. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी कमरेवर हात ठेवून तो सारा पसारा पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, एवढ्या पाल्याचं करायचं काय? उपटून टाकू आणि मेथी लावू."

मी होकार देणारच होते. पुदिना आम्ही लावला होता तो एका वाफ्यात, अधूनमधून चटणीला हवा म्हणून. त्याचे चार वाफे होतील, ही कल्पना नव्हती. तो का राहिला, ते आधी सांगते. मग त्याचे आम्ही काय काय करतो ते सांगते.

आमचे वसतिगृह जव्हार तालुक्यात आहे. मुली 54, इयत्ता पाचवी ते दहावी; बहुतेक वारली, कोकणा आणि कातकरी घरांतल्या. भाताची कापणी-झोडणी उरकली की इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. आईवडील भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जातात. ज्यांची मुले वसतिगृहात आहेत, त्यांची शाळा टिकते. ज्यांची नाहीत, ती मुले पाठोपाठ भट्टीवर जातात. म्हणून दिवाळीनंतरचा पहिला आठवडा आमच्याकडे सर्वांत अवघड असतो. आई गेलेली असते. होळीपर्यंत ती दिसणार नाही, हे मुलींना माहीत असते. त्या रडत नाहीत, पण जेवत नाहीत. संध्याकाळी उष्ट्याची बादली काठोकाठ भरते.

त्या वर्षी पाचवीत नवी आलेली एक मुलगी सलग तिसऱ्या दिवशी ताट तसेच ठेवून बसली होती. वरण, भात, बटाट्याची भाजी. सगळे गरम होते, सगळे पुरेसे होते. मावशींनी स्वतःच्या जेवणासाठी पाट्यावर थोडी चटणी वाटली होती: पुदिना, हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि भाजलेली खुरासणी. त्यांनी काही न बोलता बोटभर चटणी तिच्या भाताच्या कडेला लावली. मुलीने वास घेतला, एक घास खाल्ला, मग दुसरा. ताट संपले तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडले: "अजून आहे?"

यात चमत्कार काही नाही. खुरासणीची चटणी तिच्या घरची होती आणि पुदिन्याचा वास नवा होता. दोन्ही मिळून भूक जागी झाली, एवढेच. पण दुसऱ्या दिवशी मी मावशींना सांगितले, "मेथी दुसरीकडे लावू."

याला आता चार वर्षे झाली. आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात, गच्चीत, खिडकीतल्या कुंडीत पुदिना असतो आणि तो एकदा रुजला की त्याचे काय करावे हा प्रश्न पडतोच. म्हणून आम्ही जे शिकलो ते, चुकांसकट, पुढे मांडते आहे.

आधी ओळख

पुदिना तुळशीच्या कुळातला. देठ चौकोनी, पाने समोरासमोर जोडीने, आणि पान चुरडले की ओळखीचा वास. तो बियांपेक्षा खोडांवर वाढतो. जमिनीलगत पसरणारी त्याची खोडे जिथे मातीला टेकतात, तिथे मुळे सोडतात. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्याच्या भांड्यात ठेवल्या, तरी आठ-दहा दिवसांत त्यांना मुळे फुटतात. आमचे चारही वाफे अशाच एका जुडीपासून झाले आहेत.

औषधी गोळ्या आणि बाम यांत असतो तो मेंथॉल मुख्यतः वेगळ्या जातीच्या पुदिन्यातून काढतात. त्याला जपानी पुदिना म्हणतात आणि तो उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला शेतांतून घेतात. आपल्या परसातल्या पुदिन्यात मेंथॉल फार थोडा असतो. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. म्हणून तो सौम्य लागतो आणि मूठमूठ घातला तरी जेवणात चालतो.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. मुलींना पुदिना खुडायला पाठवले, तेव्हा एकीने कुंपणाजवळची घाणेरीची कोवळी रोपेही टोपलीत टाकली होती. घाणेरीचा देठही चौकोनी, पानेही समोरासमोर आणि वासही उग्र. गुरांना तिची बाधा होते, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत असते. पण कोवळ्या रोपात फसगत होते. घाणेरीचे पान हाताला खरखरीत लागते. तेव्हापासून आमचा नियम असा, की खुडणाऱ्या मुलीने प्रत्येक मुठीतले एक पान चुरडून वास घ्यायचा आणि कुंपणालगतचे काहीच तोडायचे नाही.

कापणे आणि निवडणे

पुदिना कापला नाही तर माजतो, खोडे लाकडासारखी होतात, फुलोरा येतो आणि पाने कडवट होतात. म्हणून भरपूर पुदिन्यावरचा पहिला उपाय म्हणजे तो नियमाने कापणे. जमिनीपासून दोन बोटे ठेवून विळ्याने सरसकट कापावा. तीन-चार आठवड्यांत वाफा पुन्हा भरतो. आमचे वाफे प्रत्येकी 10 फूट बाय 4 फूट. दर शनिवारी एकच वाफा कापायचा. चौथा वाफा कापून होईपर्यंत पहिला तयार असतो. एका कापणीला काड्यांसकट 4 ते 5 किलो निघतो आणि निवडल्यावर साधारण निम्मा उरतो. हा क्रम लागला तेव्हा आमची "एवढ्याचे करायचे काय" ही तक्रार बरीच कमी झाली, कारण सगळा एकदम अंगावर येईना.

निवडताना पाने आणि शेंड्याकडचे कोवळे देठ घ्यावेत. जाड देठ वाटणात गेले की कडूपणा येतो. ते फेकू नयेत. ज्या काड्यांना मुळे आहेत त्या लावाव्यात, बाकीच्या खतखड्ड्यात जाव्यात.

स्वयंपाकातली तीन सूत्रे

पाककृती लक्षात राहिल्या नाहीत तरी चालतील, ही तीन सूत्रे राहावीत.

पहिले: पुदिना शेवटी घालावा. त्याचा वास पानावरच्या बारीक ग्रंथींत असलेल्या तेलात असतो आणि ते तेल उष्णतेने उडून जाते. सुरुवातीला फोडणीत टाकला की स्वयंपाकघरात घमघमाट सुटतो आणि ताटात काहीच येत नाही. आमटी उतरवल्यावर घालून झाकण ठेवले की तो वास पदार्थात राहतो.

दुसरे: त्याला आंबटाची जोड द्यावी. चिरलेला किंवा वाटलेला पुदिना हवेने काळा पडतो, जसे चिरलेले वांगे पडते. लिंबू, कैरी, चिंच, आमसूल यांपैकी काहीही वाटतानाच घातले, तर काळपटपणा लांबतो आणि चवही उघडते.

तिसरे: त्याला एकटा सोडू नये. नुसत्या पुदिन्याचे वाटण कडवट होते. कोथिंबीर, दाणे, खुरासणी, कांदा किंवा डाळ यांच्या सोबतीने तो निवळतो. मिक्सरवर वाटत असाल तर थांबून थांबून फिरवावा. फार फिरवल्याने वाटण तापते आणि कडू होते. पाट्यावरची चटणी चांगली लागते त्याचे हेही एक कारण.

चटण्या

ओली चटणी: 54 मुलींसाठी आम्ही निवडलेला पुदिना अर्धा किलो, कोथिंबीर अर्धा किलो, भाजलेले शेंगदाणे 400 ग्रॅम, हिरव्या मिरच्या 15 ते 20, लसणाच्या दोन गड्ड्या, दहा लिंबांचा रस आणि मीठ घेतो. दरडोई दोन चमचे चटणी होते. घरच्या पाच माणसांना याचा दहावा हिस्सा पुरतो: पुदिना आणि कोथिंबीर प्रत्येकी मोठी मूठ, दाणे दोन मुठी, दोन मिरच्या, चार-पाच पाकळ्या लसूण, एक लिंबू. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी कैरीच्या फोडी घालाव्यात.

खुरासणीची कोरडी चटणी: जिला शहरात कारळे म्हणतात, तीच आमची खुरासणी. एक वाटी खुरासणी कोरड्या तव्यावर तडतडेपर्यंत भाजावी. पाच-सहा सुक्या मिरच्या आणि दहा पाकळ्या लसूण थोडे परतून घ्यावे. हे सगळे मिठासह खलबत्त्यात कुटावे आणि शेवटी अर्धी वाटी वाळवलेला पुदिना हाताने चुरून मिसळावा. ओला पुदिना इथे घालू नये, चटणी बुरसते. कोरड्या बरणीत ही पंधरा दिवस टिकते. दहावीच्या मुली परीक्षेला केंद्रावर जातात, तेव्हा भाकरीबरोबर हीच चटणी डब्यात देतो.

भात, वरण आणि भाकरी

चटणीने पुदिना संपत नाही. दिवसाला दोन चमचे म्हणजे फार तर 25-30 ग्रॅम चटणी, आणि तीत पुदिना दहा ग्रॅमही नसतो. तो खरा खपतो तो भातात.

एक किलो तांदळाला निवडलेला पुदिना 100 ग्रॅम, कोथिंबीर 50 ग्रॅम, सहा मिरच्या, बोटाएवढे आले आणि दहा पाकळ्या लसूण असे जाडसर वाटण करावे. तेलात जिरे, तमालपत्र आणि तीन उभे चिरलेले कांदे परतावेत. बटाटा, वाटाणा किंवा मोड आलेली चवळी घालावी. वाटणाचा अर्धा भाग इथे परतून घ्यावा, मग तांदूळ आणि आधणाचे पाणी. भात शिजून उतरवला की उरलेला अर्धा भाग लिंबाच्या रसात कालवून वरून पसरावा, झाकण घट्ट लावावे आणि दहा मिनिटांनी हलक्या हाताने मोकळा करावा. अर्धे आधी, अर्धे नंतर, ही मावशींची युक्ती. आधीच्या अर्ध्याने रंग आणि चव मुरते, नंतरच्या अर्ध्याने वास येतो. रात्रीचा भात उरला असेल तर सकाळी फोडणीच्या भातातही मूठभर पुदिना शेवटी घालावा.

तुरीच्या किंवा उडदाच्या वरणाला वेगळे काही करावे लागत नाही. चुलीवरून पातेले उतरवले की दोन मुठी पाने हाताने चुरडून टाकावीत आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. आठवडाभर तेच वरण असले, तरी त्या दिवशी मुली विचारतात, "आज काय केलंय?"

नागलीचे थालीपीठ आमच्याकडे रविवारी असते. नागली मुलींच्या घरची. तिच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून वाढत्या वयाला ती फार चांगली. दोन वाट्या नागलीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, एक बारीक चिरलेला कांदा, एक वाटी चिरलेला पुदिना, चमचाभर तीळ, मिरची आणि मीठ. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाण्यात भिजवून दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि मगच मळावे. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकावे, मधे भोक पाडून तेल सोडावे आणि झाकण ठेवून भाजावे. इथे पुदिना तापतो, त्यामुळे वास मंद होतो. पण पिठात बांधलेला असल्याने पूर्ण जात नाही.

सणावाराला वड्या करतो. दोन वाट्या कोथिंबिरीला एक वाटी पुदिना, दीड वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, तिखट, हळद, तीळ, चिंच-गुळाचे दाट पाणी. उंडे करून वीस मिनिटे वाफवावेत, गार झाल्यावर कापून तव्यावर थोड्या तेलात परतावेत. पुदिन्याचे प्रमाण कोथिंबिरीच्या बरोबरीला नेले तर वड्या कडवट होतात. आम्ही एकदा नेले होते आणि 54 तोंडे वाकडी झालेली पाहिली होती.

सुकट आणि अंडी

पालघरच्या बाजारातून जवळा येतो, आणि इथल्या मुलींना तो मनापासून आवडतो. जवळा निवडून कोरडा भाजावा, पाण्यात धुऊन पिळून घ्यावा. भरपूर कांदा, लसूण, तिखट, हळद यांवर परतून दोन-तीन आमसुले आणि थोडे पाणी घालावे. उतरवताना मूठभर पुदिना चिरून टाकावा. सुकटाचा उग्र वास तेवढाच उतरतो आणि चव तशीच राहते. उकडलेली अंडी असतात त्या दिवशी ओल्या चटणीचेच वाटण, फक्त दाण्यांऐवजी भाजलेले सुके खोबरे घालून, परतलेल्या कांद्यावर पातळ करतो. उकळी एकच द्यायची, नाहीतर हिरवा रंग शेवाळी होतो.

पिण्यासाठी

ताकात पुदिना वाटून घालू नये. चार पाने, मीठ आणि भाजलेले जिरे हाताने एकत्र चुरडावे आणि ताकात घालून घुसळावे. मीठ पानाला खरवडते आणि वास सुटतो. उन्हाळ्यात कैरीच्या पन्ह्यात चमचाभर पुदिन्याचा रस शेवटी घालावा, पण मग वेलची घालू नये, दोघींचे पटत नाही. पावसाळ्यात गवती चहा, आले आणि गूळ यांचा काढा उतरवून त्यात पुदिना टाकून झाकतो. चहापत्ती घालत नाही. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, आणि आमच्या मुलींना लोहाची गरज आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण भेटीला येणारे काही हितचिंतक विचारतात, "पुदिन्याने रक्त वाढतं ना?" पुदिन्यात लोह आहे, हे खरे. पण पालेभाजीतले लोह शरीरात कमी शोषले जाते आणि चटणीतला पुदिना तर इतका थोडा. लिंबाची जोड दिल्याने शोषण सुधारते, तेवढा फायदा घ्यावा. पण शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पुदिन्याच्या भरवशावर कोणी टाळू नये. आमच्याकडे पुदिन्याचे काम एकच: जे अन्न ताटात आहे ते पोटात जावे.

आमची चूक

आता जे लिहायला जड जाते ते. दुसऱ्या वर्षी मी हौसेने पाचवा वाफा केला, तो भांडी घासायच्या मोरीच्या तोंडाशी. पाणी फुकट वाहून जाते, पुदिन्याला पाणी लागते, मला ही मोठी बचत वाटली. पुदिना तिथे असा वाढला की बाकीचे चार वाफे फिके पडले. त्याची ओली चटणी केली, घाईत एकाच पाण्याने धुतली. त्या रात्री अकरा मुलींना जुलाब सुरू झाले.

रात्रभर आम्ही मीठ-साखरेचे पाणी पाजत होतो: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा छोटा चमचा, दोन्ही सपाट. उजाडता उजाडता दोघींना आरोग्य केंद्रात न्यावे लागले. सगळ्या चार दिवसांत बऱ्या झाल्या. पण तिथल्या नर्सताईंनी मला एकच प्रश्न विचारला: "काल कच्चं काय खाल्लं?" मी उत्तर दिले आणि उत्तर देतानाच मला मोरी डोळ्यांसमोर दिसली.

तो वाफा त्याच दिवशी उपटला. तिथे आता केळी आणि शेवगा आहे. मोरीच्या पाण्यावर उंच वाढणारी किंवा शिजवून खायची झाडे लावावीत; जे पान कच्चे खायचे, त्याला स्वच्छच पाणी हवे, आणि शेणाचे ओले खतही त्याच्या जवळ नको, पूर्ण कुजलेलेच हवे. आता आमची पाने आधी बादलीत बुडवून तीन वेळा पाणी बदलून धुतली जातात, म्हणजे माती तळाशी बसते. शेवटचे पाणी पिण्याचे असते. पाटा-वरवंटा वाटणाआधी कढत पाण्याने धुतो. ओली चटणी त्याच जेवणात संपवतो. उरली तर ती वरणात टाकून उकळतो, रात्रीसाठी ठेवत नाही. ही शिस्त मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून लावली आहे. माझ्या चुकीची किंमत अकरा मुलींनी दिली, ती पुन्हा कोणी देऊ नये.

टिकवायचा कसा

ताज्या काड्या पेल्यात थोड्या पाण्यात उभ्या ठेवल्या की दोन-तीन दिवस टवटवीत राहतात. न धुता ओलसर सुती फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवला तरी दोन दिवस निघतात. धुऊन ठेवला की मात्र कुजतो. धुणे नेहमी वापरायच्या वेळी.

वाळवायचा तो सावलीत. उन्हात रंगही जातो आणि वासही. हिवाळ्यात आम्ही पाने धुऊन, फडक्यावर कोरडी करून, व्हरांड्यात सुती कापडावर एकेरी पसरतो. तीन-चार दिवसांत ती चुरचुरीत होतात. एक किलो ताज्या पानांची जेमतेम दीडशे ग्रॅम वाळलेली पाने मिळतात, म्हणजे भरपूर पुदिना छोट्या बरणीत मावतो. पाने अखंडच ठेवावीत आणि वापरताना चुरावीत. वाळवताना त्यातले क जीवनसत्त्व बहुतेक जाते, पण वास राहतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस इतका असतो की वाफे कुजतात आणि वाळवणही होत नाही. तेव्हा ही बरणीच कामाला येते. त्या दिवसांत ताजे काही हवे असेल, तर डोंगरात टाकळा, कुर्डू, करटोली असतात, आणि ती ओळखण्यात मुली माझ्या गुरू आहेत.

रोपे घरी गेली

दर मे महिन्यात मुली घरी निघतात, तेव्हा प्रत्येकीला मुळे फुटलेल्या चार काड्या ओल्या गोणपाटात बांधून देतो. पहिल्या वर्षी मला वाटले होते, अर्ध्या रस्त्यातच टाकल्या जातील. काही टाकल्या गेल्याही असतील.

ज्या मुलीपासून हे सुरू झाले, ती त्या मे महिन्यात गावी न जाता आईवडिलांकडे भट्टीवर गेली. जूनमध्ये तिची आई तिला सोडायला आली. विटांच्या धुळीने हातांची कातडी फाटलेली. फॉर्मवर अंगठा दिला आणि मग जरा संकोचाने म्हणाली, "ताई, तो वासाचा पाला जगला." तेलाच्या फुटक्या डब्यात माती भरून मुलीने तो झोपडीत पिण्याच्या हंड्याशेजारी ठेवला होता. हंड्यातून घेताना जे सांडे ते पाणी त्याला. शेजारच्या तीन झोपड्यांनी काड्या मागून नेल्या. भट्टीवर भाजी मिळण्याचा दिवस म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा. बाकी दिवस भाकरी, मिरची आणि मीठ. त्यात आता दोन पाने होती.

ती विचारत होती, की डबा गावी आणलाय, पण आता पाऊस लागेल, मग तो कुजेल का? मी तिला सांगितले: डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाड, पडवीत आत ठेव, पागोळ्या त्यावर पडू देऊ नकोस, आणि पाने पिवळी पडली तर सगळा कापून टाक, खालून पुन्हा येईल. तिने दोनदा म्हणून घेतले आणि मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "मला माहीत आहे, आई."

वाचकहो, आपल्या कुंडीत पुदिना माजला असेल तर आता त्याचे काय करायचे ते आपल्याला कळले असेल. आणि आमच्याकडे यायचे ठरवाल, तेव्हा डिसेंबर ते मार्च या दिवसांत, शनिवारी या. त्या दिवशी एक वाफा कापलेला असतो. येताना एक रिकामी पिशवी तेवढी आणा.